दोन नद्यांचे महसीर

एखाद्या माशाची जात वाचली असे केव्हा म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर मत्स्यविभागाच्या दप्तरात बहुधा संख्येने दिले जाते. परंतु दख्खनच्या नद्यांतील महसीराचा गेल्या दोन शतकांचा इतिहास पाहिला, तर ते उत्तर अपुरेच नव्हे, प्रसंगी घातकही ठरते असे दिसते. पुण्याजवळच्या मुळा-मुठेत सापडलेल्या या माशाचे वर्णन कर्नल साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने १८३९ मध्ये प्रसिद्ध केले, आणि ‘टॉर खुद्री’ हे त्याचे आजचे शास्त्रीय नाव त्याच वर्णनावर उभे आहे. ज्या पात्रातून ही जात विज्ञानाला माहीत झाली, त्याच पात्रातून आज शहराचे सांडपाणी वाहते.

महसीर हा रोहू-कटल्यांच्या कुळातला असला तरी त्याची घडण वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यासाठी झालेली आहे. अंगावर मोठे, जाड खवले, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या, जबड्यात एकही दात नाही. मात्र घशात दातांच्या रांगा असतात आणि त्यांनी तो गोगलगायींची कवचेही भरडतो. शेवाळ, किडे, लहान मासे आणि काठच्या झाडांवरून पडलेली फळे असे सगळेच त्याला चालते, म्हणजे त्याच्या अन्नात नदीइतकाच काठच्या रानाचाही वाटा असतो. उन्हाळ्यात तो खोल डोह धरून राहतो आणि पावसाचे पाणी चढले की प्रवाहाविरुद्ध वर जाऊन, ज्या रेवेच्या फटींतून पाणी सतत खेळते, तिथे अंडी घालतो. रेव गाळाने बुजली तर अंडी गुदमरतात, बांध आडवा आला तर नर-मादी रेवेपर्यंत पोहोचतच नाहीत, आणि काठाचे रान तुटले तर फळे आणि सावली दोन्ही जातात.

या जातीच्या कृत्रिम प्रजननाचे मोठे काम लोणावळ्याला, वीजनिर्मितीसाठी बांधलेल्या वळवणच्या जलाशयाकाठी, टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकात उभे केले. नदी अडवणाऱ्यानेच तिचा मासा वाढवावा यात थोडा विरोधाभास आहे, पण त्यामागचा हेतू प्रामाणिक होता आणि तंत्रही यशस्वी ठरले: पक्व मादीचे पोट हलक्या हाताने दाबून अंडी काढायची, नराच्या रेताशी त्यांचा संयोग करायचा, आणि पिलांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिले, झाली की ती नद्यांत सोडायची. मुळा-मुठा ज्या कृष्णा खोऱ्यात येतात त्याबाहेर, थेट कावेरीतही ती सोडली गेली, आणि पुढचा सगळा गुंता तिथे सुरू झाला.

कावेरी खोऱ्याला स्वतःचा महसीर होता. पाठीवर उंच कुबड आणि पिवळट-केशरी पर असलेला हा मासा फार मोठा होई. १९४६ मध्ये काबिनी नदीत गळाला लागलेला एक मासा १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा होता. गळवाल्यांमध्ये त्याची कीर्ती जगभर पसरली, पण त्याला स्वतंत्र शास्त्रीय ओळख मात्र मिळाली नव्हती. कावेरीवरील एका मासेमारी तळाच्या १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा निळसर परांच्या, बाहेरून आलेल्या महसीरांची संख्या वाढत गेली आणि कुबडाचे मासे त्याच काळात विरळ होत गेले, असे आढळले. ‘महसीर वाढला’ हा निष्कर्ष या आकड्यांवरून काढला तर तो खोटा नव्हता. फक्त कोणता महसीर वाढला, हे पाहण्याची सवय कोणाला नव्हती. अखेर २०१८ मध्ये हा मासा म्हणजे पांबार नदीतल्या नमुन्यांवरून आधीच वर्णिलेला ‘टॉर रेमादेवी’ असल्याचे सिद्ध झाले, आणि त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त जातींच्या जागतिक यादीत झाली.

येथे दोष प्रजननकेंद्राच्या कौशल्याला देता येत नाही. दोष ‘महसीर’ या एका नावाखाली सगळ्या नद्या एक मानण्याचा आहे. कृष्णा आणि कावेरी या दोन्ही सह्याद्रीत उगम पावून पूर्वेला जातात, तरी त्यांच्यामधला जलविभाजक, म्हणजे पाणी दोन दिशांना वाटून देणारा उंचवटा, माशांना ओलांडता येत नाही, आणि दीर्घ काळाच्या या ताटातुटीतूनच वेगवेगळे वंश घडतात. हा उंचवटा पाण्याच्या टाक्या वाहणारी मोटार एका रात्रीत ओलांडते. कावेरी खोऱ्यातल्या मोयार नदीत कुबडाचे महसीर अजून आढळतात, आणि तिथे संरक्षण करायचे झाल्यास पहिले काम रेव, डोह आणि उन्हाळ्यातला प्रवाह राखण्याचे आहे; बोटुकली सोडायचीच झाली, तर ती कोणत्या खोऱ्यातल्या आईबापांची आहेत हे तपासल्याखेरीज एकही पिलू पाण्यात जाऊ नये.