भय म्हणजे अविश्वास काय?

आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी कुटुंबांत घरभेटी करताना एक प्रश्न मला पुनःपुन्हा विचारला जातो. घरातील वडीलधारे माणूस आयुष्यभर प्रार्थनाशील होते. आता त्यांना कंपवात झाला आहे. पाय उचलत नाही, आणि दारापर्यंत जायचे म्हटले तरी जीव कासावीस होतो. "इतका विश्वास होता, मग ही भीती आली कुठून?" असे घरचे विचारतात. कधी आजारी माणूस स्वतःच हे विचारतो, आणि मग ते ऐकवत नाही.

उत्तर देण्यापूर्वी रोग समजून घेणे हे आपले कर्तव्य आहे. लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून त्यांचे नाव त्याला पडले. मेंदूतील डोपामीन नावाचे द्रव्य तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होत जातात. त्यामुळे हात कापतो, अंग ताठरते, पावले आखूड पडतात. उंबरठ्यापाशी किंवा वळताना पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. मेंदूतील अशाच द्रव्यांवर मनाचा तोलही अवलंबून असतो. म्हणून सुमारे तीन रुग्णांपैकी एकास चिंतेचा विकार जडतो. गोळीचा अंमल उतरू लागला की पुष्कळांची घालमेल वाढते, आणि घालमेल वाढली की पाय अधिकच अडतो. तेव्हा ही भीती बहुधा रोगाचाच भाग असते, आणि ती डॉक्टरांना सांगितली पाहिजे. तिच्यावरही उपचार आहेत. कापणाऱ्या हाताला आपण अविश्वासू म्हणत नाही. मग कापणाऱ्या मनाला का म्हणावे?

प्रभू येशू गेथशेमाने बागेत अतिशय व्याकुळ झाला. त्याने ती व्याकुळता लपविली नाही. तीन शिष्यांना जवळ जागे राहावयास सांगितले. भ्यालेल्या माणसाने सोबत मागणे यात पाप नाही, हे तेथे कायमचे ठरले. आणि सोबत मागितली असता झोपी जाणे हा दोष कोणाचा, हेही तेथेच दिसते.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. पडतील म्हणून त्यांना खुर्चीत बसवूनच ठेवावे काय? पडण्याचा धोका खरा आहे. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले तर पुन्हा उठणे कठीण. पण बसून राहिल्याने अंग आणखी आखडते आणि उरलेली हिंमतही जाते. म्हणून खुर्ची पुढे सरकविताना आपण स्वतःला विचारावे, की ही त्यांच्या रक्षणासाठी आहे, की आपल्याला घाई आहे म्हणून?

उत्पत्तीच्या ३३ व्या अध्यायात एसाव याकोबाला बरोबर चलण्यास सांगतो. याकोब म्हणतो, तुम्ही पुढे व्हा. लेकरे कोवळी आहेत, गुरे दुभती आहेत, मी त्यांच्या चालीने येईन. पनीएलच्या त्या रात्रीपासून तो स्वतःही लंगडत होता. दुबळ्याच्या चालीने चालणे म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होते.

ही चाल शिकता येते. पुण्याच्या मिलेहा सोनेजी या डिझायनर बाईंनी पाहिले की, त्यांच्या कुटुंबातील पार्किन्सनग्रस्त वडीलधाऱ्यांना सपाट जमिनीवर चालणे जड जाते, पण ते जिना सहज उतरतात. त्यांनी जमिनीवर जिन्याचे चित्र पसरले, आणि ते त्यावरून चालू लागले. हे त्यांनी २०१५ साली एका व्याख्यानात जगापुढे मांडले. आमच्या घरी मामांसाठी न्हाणीच्या वाटेवर आडव्या रेघा ओढल्या आहेत. "एक, दोन" मोजत ते त्या ओलांडतात. पाय अडला तर आम्ही ओढत नाही. थांबतो, ते सरळ उभे राहतात, भार एका पायावरून दुसऱ्यावर घेतात, मग मोठे पाऊल टाकतात. चालताना त्यांच्याशी बोलत नाही. गोळीची वेळ चुकवीत नाही.

पण हे सारे बहुधा एकाच सुनेच्या किंवा मुलीच्या माथी येते. मोशेचे हात जड झाले तेव्हा अहरोन आणि हूर असे दोघे दोन बाजूंना उभे राहिले. एकट्याने ते सूर्यास्तापर्यंत जमले नसते. मंडळीने आठवड्यातून एक दुपार त्या घरी बसावे. उपासना सुटल्यावर दारात गर्दी न करता वाट मोकळी ठेवावी. प्रभुभोजनासाठी ज्यांना पुढे येणे जड जाते, त्यांच्या बाकापर्यंत पाळकांनी भाकर व प्याला न्यावा.

वडिलांचा मान राखण्याची आज्ञा आपण लहानपणी पाठ केली. ते दारात अडून उभे असतात आणि आपल्याला उशीर होत असतो, तेव्हा ती पाळण्याची वेळ येते. त्या क्षणी थांबण्याची कृपा प्रभू आपणा सर्वांस देवो.