काम कधी सोडावे?

शब्बाथची प्रार्थना आटोपून चार वडीलधारी मंडळी सिनेगॉगच्या ओट्यावर बसली की एक प्रश्न हमखास निघतो : "काय भाऊ, पेन्शनीत गेलात की अजून कामावर?" घरी बसलेला म्हणतो, "काय करणार, गुडघे चालत नाहीत." कामावर जाणारा म्हणतो, "काय करणार, घर चालत नाही." दोघेही ओशाळल्यासारखे बोलतात. जणू दोघांच्याही हातून काही चूक घडली आहे!

वयाचा आकडा कायदा ठरवतो. इस्राएलमध्ये पुरुषांसाठी तो 65 होता, 2004 च्या कायद्याने 67 वर गेला. स्त्रियांचा 60 वरून 62 झाला आणि 2022 पासून हळूहळू 65 कडे चालला आहे. भारतात केंद्र सरकारच्या नोकरांसाठी तो 58 होता, 1998 मध्ये 60 झाला. आकडे बदलतात, पण काम करण्याची ताकद असताना ते सोडणे योग्य की अयोग्य, हे आकड्यांना विचारून कळत नाही.

दिमोनातील एका कापड गिरणीत आमच्या ओळखीचे एक गृहस्थ होते. नुसत्या आवाजावरून कोणत्या मागाचा धागा तुटला ते सांगत. पासष्टी आली तेव्हा, "आणखी दोन वर्षे थांबा," असे साहेबाने स्वतः सांगितले. ते थांबले नाहीत. आम्ही कारण विचारले. म्हणाले, "माझे हात अजून चालतात. पण धागा तुटला की शेजारचा पोरगा माझ्याआधी पोहोचतो, आणि मी येईपर्यंत हात बांधून उभा राहतो. माझा मान राखतो बिचारा. त्याला असे किती दिवस उभे करू?"

थकलेला माणूस काम सोडतो हे सर्वांना कळते. न थकताही, दुसऱ्यासाठी जागा मोकळी करावी म्हणून कोणी सोडतो, हे आपण विसरतो.

तोरात याला आधार आहे. बमिदबारच्या पुस्तकात, आठव्या अध्यायात, लेवींना आज्ञा आहे की पन्नासाव्या वर्षी सेवेच्या कामातून परत फिरावे, मात्र आपल्या बांधवांना साहाय्य करीत राहावे. राशी यावर खुलासा करतात की खांद्यावर ओझे वाहणे थांबते. दारे लावणे, गायन आणि गाड्या भरणे चालू राहते. म्हणजे खांदा मोकळा होतो, माणूस मोकळा होत नाही. दार सांभाळणाराही सेवेतच असतो.

आपले पूर्वज कोकणात शनवार तेली म्हणून ओळखले जात. शुक्रवारी सूर्य मावळला की घाणा थांबे. सगळे तीळ गाळून झाले म्हणून तो थांबत नसे. थांबण्याची वेळ झाली म्हणून थांबे. काम कधीच संपत नाही. ते संपेल तेव्हा निवृत्त होऊ म्हणणारा निवृत्त होतच नाही.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. थांबण्याची निवड सर्वांच्या हाती नसते. बितुआख लेउमीच्या वृद्धापकाळाच्या भत्त्यात पहिल्या दहा वर्षांनंतर दर वर्षामागे 2 टक्के वाढ मिळते, जास्तीत जास्त 50 टक्के. पन्नासाव्या वर्षी आलिया करून 67 व्या वर्षापर्यंत राबलेल्या माणसाच्या पदरी त्यातले 14 टक्केच पडतात. बहुतेक नोकरांसाठी पेन्शन फंड बंधनकारक झाला तो 2008 पासून. त्याआधी ज्यांनी फंडाविना उमेद खर्च केली, त्यांना कोणत्या तोंडाने सांगावे की आता तरुणांना जागा द्या? अशांनी सत्तरीतही राखणदारी किंवा साफसफाई केली तर तो लोभ नव्हे. त्यांच्याकडे बोट दाखवणाऱ्याने आधी त्यांचे विजेचे बिल पाहावे.

म्हणून आम्हांला वाटते, ज्याला निवडता येते त्याने वेळेवर निवडावे. ज्याला येत नाही त्याला समाजाने आधार द्यावा. आणि जे ओझे उतरवून आले आहेत त्यांच्यासाठी दारे आपणच उघडी ठेवावी. मुलांना मराठी शिकवणे, मलिद्याची तयारी, आजाऱ्याची विचारपूस, नव्याने आलेल्यांचे कागद भरून देणे, ही सगळी दारावरचीच कामे आहेत.

येत्या शब्बाथला ओट्यावर कोणी ओशाळून उत्तर देऊ लागला, तर त्याला एवढेच विचारा : "भाऊ, खांदा मोकळा झाला ना? मग दाराशी कधी येता?"