आहारशुद्धी आणि घरची पंगत

बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातील उंद्रीसारख्या गावी सोयाबीनच्या सोंगणीचे अथवा कापूसवेचणीचे दिवस आले म्हणजे आईबाप तांबडे फुटताच शेताची वाट धरतात, आणि शाळेत जावयाचे मूल टोपल्यातील भाकर बाजूस सारून दुकानातील मसालेदार पुडीकडे वळते. त्याच्या जिभेस दोष देण्यापूर्वी एक प्रश्न विचारणे प्राप्त आहे: आहाराची शुद्धी पदार्थात असते, की ज्यांच्या सांनिध्यात तो खाल्ला जातो त्या माणसांत?

छांदोग्य उपनिषदाने अंतःकरणाची शुद्धी आहाराच्या शुद्धीवर अवलंबून ठेविली. रामानुजाचार्यांच्या परंपरेने तेथे प्रत्यक्ष अन्नाचाच विचार केला. शंकराचार्यांनी मात्र तो आहार इंद्रियांनी आत घेतलेल्या सर्व विषयांपर्यंत नेला. मला शंकराचार्यांचे भाष्य लहान मुलाच्या बाबतीत अक्षरशः खरे वाटते, कारण जेवताना मूल भाकरीबरोबर बापाची त्रस्त मुद्रा, आईचा थकवा आणि कोणास काय वाढले गेले याचा सारा हिशेबही ग्रहण करीत असते.

सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या हुकुमाने सरकारी शाळांतून शिजविलेले अन्न देणे बंधनकारक झाले; प्राथमिक वर्गांसाठी शंभर ग्रॅम धान्य व वीस ग्रॅम डाळ असे प्रमाणही पुढे ठरले. परंतु २०२३ च्या नोव्हेंबरात आठवड्यातून एकदा अंडे, व ते न खाणाऱ्यास केळे, देण्याचे राज्य सरकारने ठरविताच धर्माच्या नावाने जो वाद उठला, तो सर्वस्वी पदार्थाभोवती फिरला. ज्या बुलढाणा जिल्ह्यात, शेगावी, २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज उष्ट्या पत्रावळीवरील शिते वेचून खाताना प्रथम लोकांच्या दृष्टीस पडले असे सांगतात, तेथील भाविकांनी तरी अन्नाच्या पावित्र्याचा विचार याहून खोल करावा. जातीजातींची मुले शाळेच्या एका ओळीत बसून खिचडी खातात, ही त्या संताच्या आचरणाशी जुळणारी गोष्ट आहे. आणि जे घर त्या ओळीविषयी मुलाच्या कानात विटाळाची भाषा ओतते, ते अन्न नासविते.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात केवळ स्वतःसाठी शिजविणाऱ्याचे अन्न पाप ठरविले आहे. आपल्या घरांतून नेमका उलट प्रकार चालतो: जी सर्वांसाठी रांधते, ती सर्वांच्या मागून, पातेल्याच्या तळाशी उरलेल्या वरणावर जेवते, आणि त्या पापाचे धनी आपण सर्व जेवणारे असतो. पाचवीतील मुलगी हे रोज पाहते. दूध भावापुढे सरकविते, भूक असताना पुरे म्हणते, आणि तिच्या या सवयीस आपण शहाणपण म्हणून वाखाणतो. रात्री सर्वांची ताटे एकदमच वाढून आईला बापाने आपल्या शेजारी बसविले, तर उंद्रीतील त्या मुलीला पुन्हा भाकर मागण्यास कोणाच्या उपदेशाची गरज पडणार नाही.