भरलेल्या घागरीचा मोर्चा

पुण्यातल्या आपल्या घराचा हौद जोतीराव फुल्यांनी १८६८ साली अस्पृश्यांना खुला केला आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा वाद होता तो पाण्याला हात कोणी लावावा याचा. त्या पाण्यात काय विरघळले आहे, हे विचारण्याची वेळ कोणावर आली नव्हती. महाडच्या दाव्याचा निकाल उच्च न्यायालयातून लागण्यास १९३७ साल उजाडले, आणि योगायोग असा की, विहिरीच्या पाण्यातील फ्लोराइडाने माणसांची हाडे ताठरतात, ही भारतातील पहिली नोंद मद्रास इलाख्यातील नेल्लोरहून त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. या दोन घटनांची सांगड घालण्यास आपल्या सार्वजनिक विचाराला पुढे अर्धे शतकही पुरले नाही.

निजामी अमलातून १९४८ साली मुक्त झालेल्या मराठवाड्यात पाण्याचा प्रश्न मांडला गेला तो परिमाणाचा म्हणून. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद यांनी अनुशेषाचा हिशेब मागितला, तो रास्तच होता. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव बोअर घेतले गेले, हापसे बसले आणि पायविहिरींतून अंगात शिरणारा नारू कालांतराने नाहीसा झाला. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु ज्या खोलीने जंतू टाळले, त्याच खोलीत, नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेस किनवट, बिलोली, देगलूरच्या बाजूला जेथे काळा पाषाण संपून ग्रॅनाइट लागतो तेथे, खडकातला फ्लोराइड पाण्यात उतरतो. लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा. तिच्यापलीकडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की प्रथम पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे उमटतात, पुढे मान वळेनाशी होते आणि पाठ वाकते. पाणी मात्र दिसायला नितळ.

रिकाम्या घागरीचा मोर्चा निघतो, भरलेल्या घागरीचा निघत नाही, ही खरी अडचण. २०१६ साली मांजरा धरण आटले, लातुरात पाणवठ्यांभोवती जमावबंदी लागली, मिरजेहून पाण्याची रेल्वे आली आणि साऱ्या देशाची दृष्टी तिकडे वळली. लातूरकरांनीही वर्गणी काढून नदीचे पात्र खोल करावयास घेतले. फ्लोराइडाच्या पीडेला पंचनामा करावा असा दिवस नाही, आरोपी नाही. तहसीलदाराने कैफियत घ्यावी तरी कोणाची?

म्हणून येथे संघटनेचा आरंभ घोषणेने नव्हे, दफ्तराने व्हावा लागतो. कोणत्या हापशाचे पाणी कोणते घर पिते, त्या घरातील शाळकरी मुलांचे दात कसे आहेत आणि प्रयोगशाळेचा दाखला काय म्हणतो, ही तीन टिपणे एका वहीत येऊन ग्रामसभेत मोठ्याने वाचली गेली, तरच अर्जाला वजन येते. निर्मळ पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच म्हटले आहे. पण न्यायालयापुढे ठेवावयास ही वही हवी. जल जीवन मिशनने गावातील पाच बायकांच्या हाती पाणीतपासणीचा संच देण्याची तरतूद केली, ती मला नळापेक्षाही मोलाची वाटते, अर्थात त्यांचे निष्कर्ष ग्रामपंचायतीच्या कपाटात कुलूपबंद झाले नाहीत तर.

एकजूट फुटते ती मात्र सरकारदरबारी नव्हे, जारच्या पाण्याशी. ऐपतदाराच्या ओट्यावर रोज सकाळी जार उतरू लागला की त्याची तक्रार संपते आणि हापशावर उरतात ते मजूर, ज्यांच्या शब्दाला ग्रामसभेत आधीच उठाव नसतो. शिवाय २००९ च्या भूजल अधिनियमाने शेतीसाठी साठ मीटरहून खोल विहिरीस मनाई केली असली, तरी उन्हाळ्यात बोअरची गाडी शिवारात शिरते तेव्हा तिच्याविरुद्ध अर्ज करावयाचा तो कोण्या परक्याविरुद्ध नव्हे, बांधाला बांध लागलेल्या भावकीविरुद्ध. आणि त्या अर्जाखाली पहिली सही करणारा माणूस अजून तरी फारशा गावांत मिळत नाही.