करिंथचे खांब आणि जिवंत मंदिर

शास्त्रपाठ : करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय ३



ग्रीस देशातील करिंथ नगरात एका टेकाडावर अपोलो देवाचे म्हणून ओळखले जाणारे मंदिर सुमारे इ. स. पू. ५४० मध्ये बांधले गेले. त्याच्या सभोवार ३८ खांब होते. प्रत्येक खांब सुमारे २४ फूट उंच, आणि त्याचा दंड एकाच अखंड दगडाचा. आज त्यांपैकी ७ उभे आहेत.

अशा मंदिराच्या रचनेत अर्थ भरलेला असे. मध्यभागी देवमूर्तीचे निवासस्थान; त्यास ग्रीक भाषेत ‘नाओस’ म्हणत. यज्ञाची वेदी बाहेर, उघड्या आकाशाखाली. आणि लोकसमुदाय तेथेच जमे. ती वास्तू देवाच्या राहण्यासाठी होती, मंडळीच्या बसण्यासाठी नव्हे.

पौल प्रेषित या नगरात दीड वर्ष राहिला. ते खांब त्याच्या दृष्टीस पडलेच असतील. पुढे करिंथच्या मंडळीस पत्र लिहिताना त्याने हाच ‘नाओस’ शब्द योजिला. परंतु तो दगडांस नव्हे, तर माणसांस लाविला! त्या मंडळीत कुलीन व बलवान थोडेच होते. अशांना तो सांगतो की, तुम्ही सर्व मिळून देवाचे निवासस्थान आहा. जे वेदीपाशी बाहेर उभे राहत, तेच आता गाभारा झाले.

हे सांगण्याची गरज का पडली? कारण त्या मंडळीत फूट पडली होती. कोणी स्वतःस पौलाचा म्हणवी, कोणी अपुल्लोसाचा. प्रभुभोजनाच्या वेळी एक तृप्त होई, तर दुसरा भुकेला राही. अशी फूट म्हणजे देवाच्या मंदिराचा नाश होय, असा इशारा पौलाने दिला.

आता आपल्या वर्ध्याकडे पाहू. इ. स. १९२८ साली शेठ जमनालाल बजाज यांनी येथील लक्ष्मीनारायण मंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांस उघडून दिले. मग ज्या मंडळीचे दार स्वतः ख्रिस्ताने उघडिले, तिच्यात जुन्या जातीवरून सतरंजी निराळी, पाण्याचा पेला निराळा, सोयरीक निराळी, असे कोठे चालत असेल, तर त्या मंडळीने काय उत्तर द्यावे? दार उघडे आणि मन बंद, असे मंदिर देवाचे कसे म्हणावे?

उपदेशक बंधूंनो, पुढील प्रभुभोजनापूर्वी, ज्या घरचे पाणी आपल्या मंडळीतील कोणी घेत नाही, त्या घरी मंडळीच्या वडिलांस घेऊन जा, आणि तेथे बसून प्रार्थना करा. करिंथच्या उरलेल्या खांबांपैकी काहींच्या माथ्यावर तुळईचे दगड अद्याप टेकलेले आहेत. शेजारच्या खांबासह भार वाहणे, हेच खांबाचे काम. आपणही एकमेकांचा भार वाहू या, म्हणजे प्रभू आपल्यामध्ये वस्ती करील. आमेन.