ताटाच्या कडेची मिरची

झरी, तलासरी, डहाणू या पट्ट्यात मिरच्या दोन जातीच्या. एक शेतातली. ती तोडायची, भरायची आणि मुंबईच्या बाजारात धाडायची. दुसरी दारातली. बोटाच्या पेराएवढी, आभाळाकडे तोंड करून उभी आणि खायला जाळ. हिला बाजाराचं फारसं सोयरसुतक नाही. झुडूप जपलं तर दोन-तीन वर्षं फळत राहतं. पुष्कळदा ते कुणी लावलेलंही नसतं. पाखरांच्या जिभेला तिखट झोंबत नाही. ती पिकलेली लाल मिरची गिळतात आणि बी कुठेतरी कुंपणाशी टाकून जातात. तिथेच रोप उगवतं. पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात आलेलं हे झाड आता इथलंच झालं आहे.

एवढ्याशा मिरचीचं करायचं काय, हे बायकांना बरोबर ठाऊक असतं. सुकट तव्यावर भाजायची. लसूण, मीठ आणि एक-दोन मिरच्या पाट्यावर ठेचून त्यात मिसळायच्या. सोबत तांदळाची किंवा नागलीची भाकरी. आमटीत टाकायची असेल, तर मात्र अख्खी टाकायची, देठासकट. मिरचीचा जाळ असतो आतल्या पांढऱ्या शिरांत. बियांवर उगाच आळ येतो, त्या शिरांना चिकटलेल्या असतात एवढंच. मिरची फुटली नाही तर जाळ बराचसा आतच राहतो, आमटीला स्वाद तेवढा लागतो. ज्याला हवी त्याने ती आपल्या ताटात घेऊन चुरडावी. फार झोंबली तर पाण्याचा तांब्या तोंडाला लावून उपयोग नाही. हे तिखट पाण्यात विरघळत नाही. दही खावं, ताक प्यावं.

मला यातली समजूत आवडते. एकाच पातेल्यातून आजी जेवते, शाळेत जाणारं पोर जेवतं आणि शेतावरून आलेला माणूसही जेवतो. तिघांच्या जिभा निराळ्या. म्हणून तिखट किती, हे रांधणारी ठरवत नाही. ती मिरची ताटाच्या कडेला ठेवते. बोलताना मात्र आपण आपलं मत सगळ्यांच्या वाटीत कालवून मोकळे होतो. मुलाने पुढे काय शिकावं, सुनेने सुट्टी कुठे घालवावी, शेजारच्या टेबलावरच्या माणसाने फाईल कशी लावावी. मत खरं असतं, कळकळीचंही असतं. समोरच्याला ते आज पेलेल का, एवढंच पाहायचं राहून जातं. पण म्हणून तिखट नसलेलं बोलणं तरी कुणाला हवं आहे? गोडगोड बोलणाऱ्या माणसाला सल्ला विचारायला कुणी जात नाही.

आज कुणाला काही सांगावंसं वाटलं, तर आधी विचारून पाहा : ‘मला एक वाटतंय, सांगू का?’ हो म्हटलं तर सांगायचं, एकदाच आणि थोडक्यात. नंतर गप्प बसायचं. अवघड आहे ते हेच. आपण सांगितलेलं त्याने ऐकलं की नाही, हे दुपारी डबा खाताना पुन्हा विचारायचा मोह होतो. जेवणाऱ्याने कडेच्या मिरचीला हात लावला नाही, म्हणून घरात कुणी रुसत नाही. उरली, तर ती संध्याकाळच्या चटणीत जाते.