इथ्रोचा सल्ला आणि अधिकाराची वाटणी

नोकराला काम सांगणे आणि त्या कामापुरता निर्णय घेण्याची मोकळीक त्याला देणे, या दोन गोष्टी व्यवहारात पुष्कळदा एकच मानल्या जातात. वस्तुतः त्यांतील दुसरीलाच अधिकारदान म्हणता येते. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील मेडशीसारख्या गावात शेतमाल घेणाऱ्या दुकानाचा मुनीम वजन करतो, पट्टी लिहितो, रोकडही मोजून देतो. पण ओल्या सोयाबीनच्या भावात किती घट धरायची हे मालकाला विचारल्यावाचून त्याला सांगता येत नसेल, तर तेथे श्रम वाटले गेले आहेत, अधिकार नव्हे. या भेदाचा फार जुना विचार बायबलमधील ‘निर्गम’ या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात आढळतो.

इजिप्तच्या दास्यातून सुटलेल्या इस्राएल लोकांचे तंटे त्यांचा नेता मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच ऐकत असे आणि लोक त्याच्याभोवती ताटकळत उभे राहत. त्याचा सासरा इथ्रो, जो मिद्यान देशाचा याजक, म्हणजे पुरोहित होता, त्याने हे पाहून हजार, शंभर, पन्नास आणि दहा माणसांवर नायक नेमण्याचा सल्ला दिला. नेत्याचा भार हलका करण्याची युक्ती एवढाच या सल्ल्याचा अर्थ सहसा लावला जातो, आणि तो अपुरा आहे. इथ्रोच्या बोलण्यातला क्रम पाहण्यासारखा आहे: मोशेने आधी सर्व लोकांना नियम शिकवावेत, मगच कर्तबगार, देवभीरू, सत्यनिष्ठ आणि लाचेचा तिटकारा असलेली माणसे निवडावीत, आणि केवळ अवघड प्रकरणे स्वतःकडे ठेवावीत. नियम एकट्या नेत्याच्या डोक्यात असतील तर खालच्या नायकाला निवाडा करता येणार नाही. तो फक्त निरोप्या होईल. तालमूद या यहुदी धर्मग्रंथात ६,००,००० पुरुष धरून या रचनेतील नायकांची संख्या ७८,६०० काढली आहे, म्हणजे दर सात-आठ माणसांमागे एक नायक. एवढी माणसे तयार करायची तर शिकवण्याचे काम किती मोठे, हे त्या हिशेबातच दिसते.

‘अनुवाद’ या पुस्तकात मोशे हीच घटना पुन्हा सांगतो तेव्हा माणसे सुचवण्याचे काम त्याने लोकांवरच सोपवल्याचे दिसते, आणि नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा ६वा अध्याय त्याही पुढे जातो. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या अन्नवाटपात डावलले जाते अशी तक्रार उठली, तेव्हा येशूच्या बारा प्रेषितांनी ख्रिस्ती मंडळीलाच सात माणसे निवडायला सांगितली. निवडल्या गेलेल्या स्तेफन, फिलिप्प आदी सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप गेले, असा अर्थ त्यावरून निघतो. आपल्या मर्जीतल्यांनाच अधिकार वाटणाऱ्या कोणत्याही पेढीने या प्रसंगाचा गंभीरपणे विचार करायला हवा.

महाराष्ट्रात बायबल हाच ज्यांच्या कार्याचा आधार होता अशा संस्थांतही हा विचार पारखून पाहता येतो. खुद्द वाशीममध्ये डॉ. ऑर्फा स्पायचर यांनी नाझरेन या ख्रिस्ती मंडळीच्या वतीने १९३८मध्ये रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय सुरू केले आणि पुढे तेथे परिचारिकांचे शिक्षणही होऊ लागले; रुग्णसेवेत शिकवण्यावाचून सोपवणे शक्यच नसते. याहून मोठे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. दुष्काळातून वाचवलेल्या स्त्रिया आणि मुली यांना केवळ आश्रय देऊन त्या थांबल्या नाहीत. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शाळा, शेती, विणकाम आणि छापखाना ही कामे त्यांनी त्यांना शिकवली आणि त्यांच्याच हाती दिली. कामे सोपवता येतील असे हात तयार झाले म्हणूनच मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून मराठीत बायबल आणण्याचे अनेक वर्षांचे काम रमाबाईंना स्वतःकडे ठेवता आले. जिच्यावर त्यांची सर्वाधिक भिस्त होती ती कन्या मनोरमा १९२१मध्ये गेली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. त्यांचे संपूर्ण मराठी बायबल १९२४मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले.